तीस आसनांचे सभागृह



गोव्याच्या विधानसभेचा विषय निघाला, की चर्चा बहुधा पक्षांची होते. सभागृहाच्या घडणीकडे लक्ष क्वचितच जाते. पोर्तुगीज अमदानीत, १८२२ पासून, लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातून प्रतिनिधी निवडले जात. परंतु नव्या काबिजादीतील कुळाला त्या निवडणुकीशी काय कर्तव्य? पेडण्या-डिचोलीच्या कष्टकऱ्याने प्रौढ मताधिकाराने आपला आमदार निवडला, तो ९ डिसेंबर १९६३ रोजी.

सभागृह तीस आसनांचे. गोव्याची अठ्ठावीस, दमणचे एक आणि दीवचे एक. पेडणे, मांद्रे, डिचोली, पाळी हे मतदारसंघ त्या अठ्ठाविसांतलेच. दीव हे काठेवाडच्या किनाऱ्यालगतचे बेट; तेथील एकट्या आमदाराने गुजरात-महाराष्ट्र ओलांडून मांडवीकाठच्या आदिलशहाच्या राजवाड्यात येऊन बसायचे! कागदावर विचित्र वाटणारी ही योजना जवळजवळ चोवीस वर्षे चालली.

या सभागृहाचे अधिकार मात्र बेताचे होते. १९६३ च्या संघप्रदेश शासन कायद्यानुसार मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार. पण वर नायब राज्यपाल. त्यांचे मंत्र्यांशी पटले नाही, तर प्रश्न राष्ट्रपतींकडे जाई. अर्थसंकल्प मांडण्यापूर्वी राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागे. मंजूर झालेले विधेयकही राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवता येई. शिवाय संघप्रदेशासाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याची मुभा संसदेला होतीच.

या मर्यादेचा सर्वांत झोंबणारा प्रत्यय विलीनीकरणाच्या प्रश्नात आला. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर होता. तरीही प्रदेशाचे भवितव्य ठरवणे या सभागृहाच्या हाती नव्हते. संसदेने १९६६ साली कायदा केला, बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. वेगळ्या संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. पेडणे-डिचोलीचा कल विलीनीकरणाकडे होता. निकाल मानला गेला, हे येथल्या मराठीप्रेमी समाजाच्या समंजसपणाचे द्योतकच म्हटले पाहिजे.

बेताच्या अधिकारांतही या सभागृहाने भाटकार आणि कूळ यांचे नाते बदलले. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, आणि १९७६ ची कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानणारी दुरुस्ती. भाटकाराच्या जागेत खोपट बांधून राहणाऱ्या मुंडकाराला या कायद्यांचे मोल सांगावे लागत नाही. त्यावरून कज्जे झाले, पुष्कळ लांबलेही. म्हणून ते कायदे निष्फळ ठरत नाहीत.

सभागृह लहान, म्हणून तोलही नाजूक. दोन-तीन आमदार फिरले, की मंत्रिमंडळ डळमळे. एप्रिल १९७९ मध्ये शशिकला काकोडकरांचे सरकार असेच कोसळले.

फेब्रुवारी १९८७ मध्ये याच सभागृहाने राजभाषा विधेयक संमत केले. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि पुढे १९८९ च्या निवडणुकीत चाळीस आमदार निवडून आले. दमण आणि दीव संघप्रदेशच राहिले, पण विधानसभेविना. पणजीला आमदार धाडणाऱ्या त्या बेटाचा आज कोणत्याच विधानसभेत आमदार नाही.