बुध्या पावरा, पण नेमका कोणता?

आजचा भाग मी तोरणमाळहून रेकॉर्ड करतोय. मागे जो आवाज येतोय तो यशवंत तलावावरच्या वाऱ्याचा आहे. इअरफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा.

आजचा विषय असा: आपल्या पणजोबाचं नाव कागदावर शोधायचं कसं? आणि सापडलं, तर तो आपलाच पणजोबा आहे हे ठरवायचं कसं? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. तिथे मी चुकलो, आणि त्या चुकीमुळे माझ्या चुलत बहिणीची फाईल अडकता अडकता वाचली. ते सांगतोच. पण सुरुवात वेल्सपासून करू या.

वेल्सचे जोन्स आणि आपले पावरा

माझ्या टीममध्ये वेल्सचा एक जण आहे. सोमवारच्या कॉलवर सगळे वीकेंडला काय केलं ते सांगतात. कोणी ट्रेक, कोणी सिनेमा. हा म्हणतो, खेड्यातल्या एका चॅपेलच्या आवारात थडग्यांवरची नावं उतरवून घेत होतो. पहिल्यांदा मला वाटलं, काय माणूस आहे! मग एकदा त्याने समजावून सांगितलं.

वेल्समध्ये गावोगावी चॅपेलं आहेत. चॅपेल म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून वेगळ्या झालेल्या लोकांची प्रार्थनेची जागा. बाप्तिस्मा कुणाचा झाला, कुणाला पुरलं, हे या चॅपेलांच्या वह्यांमध्ये लिहिलेलं असायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली 1837 साली. त्याआधीचा माणूस शोधायचा तर अशा धार्मिक वह्यांशिवाय फारसा इलाज नाही. बरीच चॅपेलं वर्षाचा अहवालही छापायची. कोणी किती वर्गणी दिली त्याची नावांसकट यादी त्यात असायची. म्हणजे आपल्या मंडळाच्या पावतीपुस्तकासारखंच.

पण त्याची खरी अडचण वेगळी होती. वेल्समध्ये आडनावंच मोजकी. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स. पूर्वी तिथे आडनाव नसायचं, बापाचं नाव लावायचे. पुढे बापाचं नावच आडनाव होऊन बसलं. त्यामुळे एकाच गावात चार-चार जॉन जोन्स. मग ओळखायचं कसं? शेताच्या किंवा घराच्या नावावरून. थडग्यावरही माणसाच्या नावाबरोबर त्याच्या वाडीचं नाव कोरलेलं असतं.

हे ऐकलं आणि मी म्हटलं, अरे, ही तर आमचीच गोष्ट आहे!

आमच्या अक्राणी तालुक्यात शाळेच्या हजेरीपटावर बघा. पावरा, पावरा, पावरा, मध्ये एखादा वसावे, एखादा पाडवी, परत पावरा. जुन्या पिढीत नावं पडायची वारावरून. सोमवारी जन्मला तो सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या. मुली सोमी, बुधी. दिवाळीत जन्मला तर दिवाल्या. आता हिशोब करा. आठवड्याचे वार सात आणि आडनाव एक. एका गावात किती बुध्या पावरा निघतील?

तरी आपल्याकडे एक सोय आहे. कागदावर नावाच्या मध्ये बापाचं नाव येतं. बुध्या सोम्या पावरा. म्हणजे एका नोंदीत दोन पिढ्या मिळतात. प्रोग्रामिंग येणाऱ्यांना सांगतो, ही लिंक्ड लिस्ट आहे, प्रत्येक नोड मागच्याकडे बोट दाखवतो. ऐकायला मस्त वाटतं. मीही याच भरवशावर फसलो.

माझा डुप्लिकेट मर्ज

माझ्या चुलत बहिणीला प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवं होतं. ज्यांना या भानगडीतून जावं लागलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अनुसूचित जमातीचा नुसता दाखला पुरत नाही. तो पडताळून घ्यावा लागतो. त्यासाठी शपथपत्रावर वंशावळ द्यायची आणि वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे जोडायचे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी तारीख धरतात 6 सप्टेंबर 1950. त्याआधीची एखादी नोंद मिळाली, की फाईलला वजन येतं.

घरात इंजिनीअर मी एकटाच. त्यामुळे वंशावळीचं काम माझ्याकडे आलं. मी शीट बनवली. नाव, बापाचं नाव, गाव, साल, असे कॉलम. जिथून मिळतील तिथून नोंदी जमवल्या आणि एक दिवस जॅकपॉट लागला. जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या एका झेरॉक्समध्ये आमच्याच गावचा बुध्या, बाप सोम्या, मयत, साल 1941. माझ्या पणजोबाचं नाव बुध्या. त्याच्या बापाचं नाव सोम्या. गाव तेच. तीन कॉलम जुळले. मी दोन्ही ओळी मर्ज केल्या आणि बहिणीला मेसेज टाकला, काम झालं.

शपथपत्र टाइप होऊन आलं. सही करण्याआधी, कसं कोण जाणे, बहिणीने ते आजीला वाचून दाखवलं. आजी पावरी बोलते, मी मराठीत सांगतो. ती आधी हसली. मग म्हणाली, "बुध्या माझा सासरा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो अंगणात बसून होता. मी त्याला भाकरी वाढली आहे. माझं लग्न व्हायच्या आधीच तुम्ही त्याला मारून टाकलं की रे पोरांनो!"

आजीचं लग्न पन्नास सालानंतरचं. म्हणजे 1941 साली वारलेला बुध्या आमचा नव्हताच.

मग तिने सांगितलं तो कोण. खालच्या पाड्यावरचा. कूळ वेगळं. आमच्यात कूळ फार महत्त्वाचं, एका कुळात लग्न होत नाही. कागदावर दोघेही पावरा, पण कुळाने वेगळे. त्या दुसऱ्या बुध्याची नातवंडं आता सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात पानसेमलच्या बाजूला असतात. तिकडे आपलेच लोक बारेला म्हणवतात आणि बरेच जण आडनाव म्हणून कूळच लावतात, खरते, डुडवे, सोलंकी असं. त्यामुळे एका आज्याची नातवंडं इकडे पावरा, तिकडे खरते. राज्याची सीमा आखली गेली आणि त्यांच्या आडनावांमधूनही गेली.

माझ्या शीटमध्ये पाड्याला कॉलम नव्हता. कुळालाही नव्हता. आणि खरं सांगू? शंका मला आली होती. नोंद फारच सोयीची होती. पण 1950 आधीचा कागद हवा होता म्हणून ती शंका मी बाजूला सारली. शपथपत्रावर खोटी वंशावळ गेली असती तर जबाबदार बहीण ठरली असती, मी नाही.

आम्ही तो कागद काढून टाकला. शाळेच्या रजिस्टरमधली नंतरची नोंद लावली, पण ती आपली होती. सुनावणीला वेळ लागला. घरी येऊन चौकशी झाली. देव कोणते, सण कसे करता, लग्नात काय काय होतं, हे सगळं विचारलं. उत्तरं आजीने दिली. प्रमाणपत्र मिळालं, पण प्रवेशाची एक फेरी हुकली. बहीण त्यावरून मला अजून टोमणे मारते आणि ते बरोबरच आहे.

आमचं चॅपेल कुठे आहे?

त्यानंतर मी वेगळ्या नजरेने शोधायला लागलो. वेल्सच्या माणसाला चॅपेल आहे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घराण्यांना त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. यात्रेला कोण आलं, कुठून आलं, बाप-आजा कोण, सगळं त्यात लिहिलेलं. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्मसुद्धा झाली आहे. आपल्याच जिल्ह्यात नवापूरकडे ख्रिस्ती आदिवासी कुटुंबं आहेत. त्यांनी आपल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची जुनी वही आहे का ते जरूर विचारावं.

आणि आमच्यासारख्यांना? 1880 साली निघालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये अक्राणीचं आणि पावरांचं वर्णन आहे. त्यात समाज सापडतो, घर सापडत नाही. अक्राणीतली कित्येक गावं आधी वनगावं होती, त्यामुळे 7/12 आणि फेरफारही फार मागे जात नाहीत.

मग महाशिवरात्रीला मी इथे, तोरणमाळला आलो. गोरखनाथांच्या यात्रेला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, तिन्हीकडून लोक डोंगर चढून येतात. पूर्वी मी यात्रेत फिरायचो ते फोटो आणि भज्यांसाठी. या वेळी आजीला सोबत आणलं आणि एका झाडाखाली बसवलं. दुपारपर्यंत तिच्याभोवती गोतावळा जमला. कोण पानसेमलचा, कोण धडगावचा. प्रत्येक जण येऊन आधी पाडा सांगायचा, मग कूळ, मग बापाचं नाव. मी ज्या क्रमाने शीट बनवली होती त्याच्या बरोबर उलट. आजीला दिसायला कमी लागलंय, पण पाडा आणि कूळ ऐकलं की ती पुढची तीन नावं स्वतः सांगायची. त्या एका दिवसात मला जेवढे दुवे मिळाले, तेवढे दोन वर्षांच्या झेरॉक्समध्ये मिळाले नव्हते.

त्यांच्यात एक आत्याही होती. तिचं सासर नर्मदाकाठचं, सरदार सरोवरात गेलेलं. या धरणात महाराष्ट्राची 33 गावं बाधित झाली, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यातली. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही पाण्यात गेलं. आत्या आता तळोद्याकडे वसाहतीत राहते. ती म्हणाली, जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली, पण सासऱ्याच्या नावाने ठेवलेला दगड जिथे होता, तिथे आता होडी चालते.

मी हे त्या वेल्सच्या सहकाऱ्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग त्याने मला कॅपेल केलिन या गावाबद्दल सांगितलं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून 1965 साली ते गाव धरणात बुडवलं. गावातलं चॅपेल आणि त्याची स्मशानभूमीही गेली. काही जणांचे अवशेष नातेवाइकांनी हलवले, बाकीचे तिथेच राहिले. ट्रिवेरिन विसरू नका, अशा अर्थाची वाक्यं वेल्समध्ये आजही भिंतींवर रंगवलेली दिसतात. ट्रिवेरिन हे त्या खोऱ्याचं नाव.

कायदा काय म्हणतो

आता सगळ्यात कामाची गोष्ट. म्हाताऱ्यांच्या बोलण्याला कागदाची किंमत नाही, असं आपण धरून चालतो. पण 2006 चा वनहक्क कायदा आणि त्याचे 2008 चे नियम बघा. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. तिच्यात विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा आहेत. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत नेणारी वंशावळ आहे. आणि दावा करणाऱ्याशिवाय इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदनही आहे. दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणून यातले दोन-तीन प्रकार एकत्र जोडायचे. ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे हे सगळं ठेवता येतं. पण आजी जे बोलते ते कुणीतरी लिहून घ्यायला हवं, तारीख टाकून आणि अंगठा घेऊन.

तर मंडळी, तुमच्या हातात फोन आहेच. मी आता काय करतो ते सांगतो.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारतो, हे मी कुणाकुणाला ऐकवू शकतो? घरातल्या काही गोष्टी घरातच राहायच्या असतात.

नावाआधी पाडा आणि कूळ विचारतो. बाईचं माहेर विचारतो, कारण वंशावळीच्या कागदावर बायका नसतातच आणि अर्धे दुवे माहेरातून जुळतात.

साल विचारत नाही. "तेव्हा तुझं लग्न झालेलं होतं का? दुष्काळ पडला त्याच्या आधी की नंतर?" असं विचारतो. माझी चूक अशाच एका उत्तराने पकडली गेली.

लग्नातल्या आहेराची वही मागतो. कोणी किती दिले आणि तो कुठल्या गावचा, हे तिच्यात मिळतं.

मग शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक, फेरफार. नोंद सापडली की शीटमध्ये मर्ज करत नाही. दोन ओळी वेगळ्या ठेवतो आणि तिसऱ्या माणसाने दुजोरा दिला तरच जोडतो. नाही जुळलं तर जागा रिकामी ठेवतो.

माझ्या शीटमध्ये सोम्याच्या वर आज काहीच नाही. त्याचा बाप कोण, हे आजीलाही माहीत नाही. पानसेमलला एक म्हातारे आहेत, त्यांना माहीत असेल असं ती म्हणते. उद्या सकाळी आम्ही त्यांच्याकडे निघतोय. पुढच्या वर्षी जाऊ, असं मी म्हणत होतो. आजी म्हणाली, त्याचं वय बघ आणि मग बोल.

तुम्हीही आज घरी फोन लावा आणि एकच विचारा, आपला पाडा कोणता, आपलं कूळ कोणतं. उत्तर लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात. जोहार!