मधुमेहाचा रकाना

बंगळूरच्या एखाद्या मराठी बिऱ्हाडी आरोग्यविम्याचा एजंट अर्ज भरावयास बसतो. मधुमेहाचा रकाना येताच तो म्हणतो, "एवढंसं लिहायला कशाला हवं?" पुढे रुग्णालयाचे बिल येते, कंपनी तोच रकाना पुढे करते, आणि एजंटाच्या शब्दाला साक्षीदार नसतो.

नियमांचा रोख हे बोलणे कागदावर आणण्याकडे आहे. कमिशनचा वाटा ग्राहकाला देऊन विमा खपविण्यास १९३८ च्या कायद्यानेच मनाई केली. तो मोह मात्र पुरता सुटलेला नाही! १ जानेवारी २०२४ पासून पॉलिसीचे सोपे माहितीपत्रक देऊन त्याची पोच घ्यावी लागते. मागितल्यास ते स्थानिक भाषेतही मिळावयाचे. बंगळूरात ती भाषा अर्थातच कन्नड.

त्याच वर्षी दुसराही पालट झाला. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली, की लबाडी सिद्ध केल्याखेरीज माहिती दडविल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. "पाच वर्षे गप्प राहा," असा अर्थ काही एजंट यातून काढतात. परंतु हेतुपुरस्सर लपविणे हीच लबाडी ठरू शकते. उलट, आजार लिहून पॉलिसी मिळाली, तर त्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. हप्ता वाढेल, क्वचित अर्जही नाकारला जाईल. एजंटाला धास्ती असते ती हीच.

तंटा जे. पी. नगरातील विमा लोकपालांच्या कार्यालयात गेला, म्हणजे प्रथम तो अर्ज उघडला जातो. त्यावर सही ग्राहकाची असते.