सासूबाईंनाही तपासणीला न्या

लग्नाचा बस्ता बांधायला आपण गुलमंडीवर दिवसभर फिरतो. छाती तपासून घ्यायला मात्र सवड नसते. सासूबाई तर म्हणतात, "आता या वयात मला काय होतंय?" खरं तर त्यांनीच आधी जायला हवं.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हातानं तपासलं. मशीन नाही, सुई नाही. तरी पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा फरक दिसला नाही.

म्हणून तरुणींनी गाफील राहू नये. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांत आरशासमोर स्वतः बघा. पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख धरावी. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात हातानं तपासणी होते, ती मागून घ्या. चाळिशीच्या आत स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत गाठ लपते; तेव्हा डॉक्टर बहुधा सोनोग्राफी सांगतात. आई-बहिणीला हा आजार झाला असेल तर तसं आधीच सांगा.

न दुखणारी गाठ, ओढलेली कातडी, बोंडातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर वय मोजत बसू नका. आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. गुलमंडीहून रिक्षानं फार लांब नाही.