सीसीएनएची तयारी करताना

संगणक किंवा आयटी शाखेत शिकताना सिस्को कंपनीची सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा द्यायची असेल, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. वेळ १२० मिनिटं, आणि एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. अवघड प्रश्न शेवटी सोडवायची विद्यापीठातली सवय इथे मोडावीच लागते.

सगळ्यात जास्त घाम काढतं ते सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांची लहान गटांत विभागणी. समजा, पत्ता आहे १९२.१६८.१०.७० आणि मास्क स्लॅश २६. म्हणजे चौसष्ट-चौसष्ट पत्त्यांचे गट. ७० हा आकडा ६४ ते १२७ या गटात बसतो. ६४ नेटवर्कचा पत्ता, १२७ ब्रॉडकास्टचा. यंत्रांसाठी उरले ६२. हे गणित रोज कागदावर करा, कॅल्क्युलेटरशिवाय.

सरावासाठी राउटर विकत घ्यायची गरज नाही. संगणकावरच आभासी नेटवर्क उभारू देणारं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात मुद्दाम एखादी केबल काढा, एखाद्या पोर्टला चुकीचा व्हीलॅन (आभासी लॅन) द्या आणि मैत्रिणीला बिघाड शोधायला लावा. फुटलेल्या प्रश्नसंचांच्या वाटेला मात्र जाऊ नका; त्यापायी मिळालेलं प्रमाणपत्रही रद्द होऊ शकतं. आणि तारीख घ्याल ती सेमिस्टरचे पेपर आटोपल्यावरचीच घ्या.