लढतीची संगत



आजचा विषय ऐकून एका स्नेह्याने मला विचारले, "अहो, मारामारीला कसले आले संगीत?" उत्तरासाठी आपण प्रथम मंडईतच जाऊ. जिथे पुढे आर्यन वाहनतळ झाला, तिथे १९१५ साली गंगाधरपंत पाठकांनी आर्यन सिनेमा सुरू केला. चित्रपट तेव्हा मुके होते, चित्रपटगृहे मुकी नव्हती. त्या जमान्यात पडद्यापुढे पेटी-तबलेवाले बसत. पडद्यावर तलवार उपसली गेली की इकडे लय चढे. घाव पडद्यावर बसे, आवाज तबल्यातून निघे!

कुस्तीच्या मैदानातही तेच. हलगीवाल्याची नजर पैलवानावर असते. पकड बसली की हलगी चढते आणि ती ऐकून पैलवानालाही चेव येतो. ही संगत दुहेरी आहे.

आता १९७३ सालचा 'एंटर द ड्रॅगन' घ्या. नायक ब्रूस ली, संगीतकार लालो शिफ्रिन. शिफ्रिन मूळचे ब्युनोस आयर्सचे. पॅरिसला मेसियां यांच्या वर्गात ते शिकले आणि पुढे डिझी गिलेस्पी यांच्या जाझच्या ताफ्यात पियानो वाजवू लागले. जाझमध्ये दुसऱ्याचे ऐकून वाजवावे लागते. तोच कान त्यांनी हॉलिवुडला नेला. या चित्रपटासाठी त्यांनी मोठ्या वाद्यवृंदाला विजेवरच्या गिटारची जोड दिली आणि शीर्षकसंगीतात लीच्या आरोळ्याही गुंफल्या. लढवय्याचा कंठच वाद्य झाला!

आपण म्हणाल, इथे संगत एकेरीच. चित्रीकरण आधी, वाद्यवृंद मागाहून. पण शिफ्रिन सांगत की, ली त्यांच्याच 'मिशन इम्पॉसिबल'च्या संगीतावर व्यायाम करीत असे. म्हणजे पैलवानाने हलगी आधीच ऐकली होती! चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, २० जुलै १९७३ रोजी, ली वारला. शिफ्रिन २०२५ साली गेले. दोघांची नावे जगाला ठाऊक आहेत.

आणि आपले संगतकार? १९३१ साली 'आलम आरा' आला, पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा', आणि पडद्यापुढचे पेटी-तबलेवाले हळूहळू उठून गेले. त्यांतल्या किती जणांची नावे या सभेत कोणी सांगू शकेल? मीही सांगू शकत नाही. तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या जत्रेत फड पाहाल तेव्हा जिंकणाऱ्या पैलवानाबरोबर हलगीवाल्याचेही नाव विचारून घ्या.