दहावीचे वर्ष आणि स्नायूंतील गळती



विषय विज्ञानाचा आणि बोलणारा बी.ए., बी.एड. झालेला मराठीचा मास्तर, याचे काहींना नवल वाटेल. पण दहावीचा वर्गशिक्षक म्हणून मी दरवर्षी पाहतो, की जून उजाडला म्हणजे घरोघरी तीन हुकूम सुटतात : मुलाचे खेळणे बंद, खुराक दुप्पट आणि जोडीला ताकदीच्या गोळ्या. हे सारे मायेपोटीच होते. पण स्नायूंच्या आत त्याचे काय होते, ते पाहा.

स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका असतात; इंग्रजी माध्यमाची मुले त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे जातात आणि शेवटी ऑक्सिजनच्या स्वाधीन होतात. त्याचे पाणी बनते, आणि वाटेत मोकळ्या झालेल्या शक्तीवर एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते. घराचा स्लॅब पडताना घमेली हातोहात वर जातात, तसाच हा प्रकार. वरच्या माणसाने घमेले घेणेच थांबविले तर? खालून माल येतच राहतो, रांग तुंबते आणि माल सांडतो.

बसून राहणाऱ्या मुलाच्या स्नायूंत असेच घडते. एटीपी फारसे खर्च होत नाही. वरून तूप-साखर मात्र येतच असते. तुंबलेल्या साखळीतून एखादा इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतो. ऑक्सिजनच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळाले तर पाणी होते. एकच मिळाला तर सुपरऑक्साइड. त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. जखमेवर टाकताच फसफसते, तेच हे औषध! थोडे असेल तर पेशीतील विकरे त्याचा निकाल लावतात. फार झाले तर पेशीची हानी होते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, अतिस्निग्ध आहारानंतर उंदरांच्या आणि माणसांच्याही स्नायूंतील तंतुकणिकांची हे द्रव्य बाहेर टाकण्याची क्षमता वाढलेली आढळली. उंदरांत औषधाने ही गळती रोखली, तेव्हा इन्शुलिनचे काम नीट चालू राहिले. घरात मधुमेह असलेल्या पालकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कोणी विचारील, धावताना ऑक्सिजन अधिक लागतो, मग गळतीही वाढेलच ना? बरीच वर्षे शास्त्रज्ञांनाही तसेच वाटे. पण काम चालू असले की रांग वाहती राहते आणि तंतुकणिकांतील गळती कमी होते. धावताना स्नायूंत अशी द्रव्ये वाढतात हे खरे. मात्र त्यांचा बराच भाग पेशीच्या आवरणातील एका विकराकडून येतो, असे आता दिसते. आणि ही तात्पुरती वाढ कामाची असते. तिच्याच इशाऱ्यावर पेशी आपली संरक्षक विकरे वाढविते, नव्या तंतुकणिका घडविते.

गोळ्यांचे गणित इथेच चुकते. जर्मनीत निरोगी तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करवून घेतला. काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व (म्हणजे रोजच्या गरजेच्या दहापटीहून अधिक!) आणि त्यासोबत ई जीवनसत्त्व दिले. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्शुलिनचा परिणाम सुधारला; घेणाऱ्यांत सुधारला नाही. हा प्रयोगही २००९ सालचाच. नंतरच्या सर्वच प्रयोगांत असे आढळले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण धडधाकट मुलाला अशा मोठ्या मात्रेच्या गोळ्या विकत आणून देण्याचे कारण मला तरी दिसत नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध ही वेगळी गोष्ट. ते बंद करू नका. पेरू, आवळा खुशाल खाऊ द्या.

मुलींचे खेळणे तर आपल्याकडे आठवीतच थांबते. पालकहो, तंतुकणिका मुलाची असो वा मुलीची, तिचा व्यवहार हाच. मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे. मैदानाची किल्ली सकाळी साडेसहापासून शिपाई चाचांकडे असेल. पहिला अर्धा तास मुलींचा, पुढचा मुलांचा, आणि सराव परीक्षेच्या दिवसांतही.