श्वासाचा व्यायाम : औषधाइतकाच आवश्यक

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



संस्थेच्या कार्याचा आढावा अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. आज आम्ही आपले लक्ष एका साध्या, परंतु उपेक्षित उपचाराकडे वेधू इच्छितो. तो म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट विकाराने, अर्थात सी.ओ.पी.डी.ने त्रस्त असलेल्यांनी करावयाचा श्वसनाचा व अंग मोकळे करण्याचा व्यायाम.

भारतात या विकाराचे रुग्ण १९९० साली सुमारे २ कोटी ८१ लाख होते; २०१६ साली ती संख्या ५ कोटी ५३ लाखांवर गेल्याचा अंदाज आहे. हा केवळ विडी-सिगारेटचा रोग नव्हे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड-गोवऱ्यांचा धूर सोसणारे सुमारे ३०० कोटी आहेत. हडपसर, मांजरी, फुरसुंगी हा मूळचा मळ्यांचा परिसर. येथील कित्येक वृद्ध मातांनी उमेदीची वर्षे चुलीपुढे घालविली. विडीला कधी स्पर्शही न केलेल्या या माता आज जिना चढताना धापा टाकतात.

या विकारात आत घेतलेली हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही. छाती फुगलेली राहते, मान व खांद्यांचे स्नायू आखडतात. धाप लागते म्हणून रुग्ण चालणे टाळतो. न चालल्याने पायांतील बळ जाते. आणि बळ गेल्याने थोड्या श्रमानेही धाप लागते. व्यायामाने फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. परंतु हे दुष्टचक्र त्याने खचितच सैल होते. २०१५ साली ६५ चाचण्यांतील ३,८२२ रुग्णांच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. अशा व्यायामक्रमाने धाप व थकवा कमी होतो आणि चालण्याची क्षमता वाढते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

पद्धत सोपी आहे. खुर्चीवर ताठ बसावे, खांदे सैल सोडावेत. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजेपर्यंत तो सावकाश सोडावा. जोराने फुंकू नये. त्यानंतर खांदे गोलाकार फिरविणे, दोन्ही कोपरे मागे नेऊन छाती रुंदावणे, एक हात वर करून बाजूस झुकणे, या क्रिया चार-पाच वेळा कराव्यात. वाकताना श्वास सोडावा. तो रोखून धरू नये. यासोबत रोज सोसेल तितके चालणे हवेच. छातीत दुखू लागल्यास वा चक्कर आल्यास तत्काळ थांबावे. औषधाचा पंप बंद करू नये आणि घरी प्राणवायू चालू असल्यास त्याचे प्रमाण परस्पर वाढवू नये.

आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगाभ्यासाला प्रयोगशाळेची जोड दिली. त्यामुळे श्वासाचे महत्त्व आपणास परके नाही. तथापि कुंभक व कपालभाती या क्रिया अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना करू नयेत.

आता हिशेबाचा भाग. या उपचारास महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो शिकविणाऱ्याचा वेळ. आठवड्यातून दोन-तीन वेळा, निदान सहा ते आठ आठवडे, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम व्हावा लागतो. ज्याला रस्ता ओलांडताना धाप लागते, त्याने बस बदलून इथवर यायचे कसे? रिक्षाचे भाडे परवडत नाही, सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो. धर्मादाय रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीतून रुग्णाचे बिल भागते. परंतु हे भाडे आणि हा रोज कोणत्याच बिलात येत नाही. म्हणून रुग्ण दोन-चार खेपांनंतर येईनासा होतो आणि पुढे भेटतो तो अतिदक्षता विभागात.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, तशी ती रिक्षाच्या भाड्यावर लागत नाही. तरीही एका फिजिओथेरपिस्टचे वेतन आणि गरजू रुग्णांचा प्रवासखर्च यांसाठी आपण हात पुढे करावा. आप्तेष्टांनी रोज वीस मिनिटे रुग्णाजवळ बसून अंक मोजावेत. “तुम्ही पडून राहा, आम्ही करतो,” असे आपण मायेने म्हणतो. त्याऐवजी “चला, अंगणापर्यंत जाऊन येऊ,” असे म्हणावे.

आपल्या घरातील माउलीला स्वतःच्या पायांनी दारापर्यंत येता यावे, याहून मोठे समाधान संस्थेला नाही.